पट्टी कुणी सोडायची

मेडिकल कॉलेजच्या विभागप्रमुखांनी मला फसवलं आणि मी गावातल्या एका बाईला फसवलं. दोन्ही गोष्टी याच क्रमाने घडल्या. पहिली मी गेले काही महिने भेटेल त्याला सांगत आले आहे, आवाज चढवून सांगत आले आहे. दुसरीबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितली नाही.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. आमच्या संस्थेची तीन कॉलेजं एकाच आवारात आहेत: मेडिकल, नर्सिंग आणि फिजिओथेरपी. आवार एक, कँटीन एक, पण कँटीनमधली टेबलं वेगळी. कुणी पाटी लावलेली नाही, तरी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही आठवडाभरात कळतं की आपण कुठे बसायचं. मी या आवारात आले तेव्हा मलाही कळलं होतं. फरक इतकाच की मी मुद्दाम चुकीच्या टेबलावर जाऊन बसायचे.

मी वऱ्हाडातल्या एका खेड्यातून पुण्यात आले ती एका पत्र्याच्या पेटीनिशी. आधी नर्सिंगचा सगळ्यात छोटा कोर्स केला, मग वॉर्डात नोकरी करत एकेक परीक्षा देत वर आले. मला कुणी काही दिलं नाही, जे मिळालं ते मी घासाघीस करून मिळवलं. वारज्याचा फ्लॅट घेताना बिल्डरला इतकं भंडावलं, की नुसतं मी गप्प बसावं म्हणून त्याने स्वयंपाकघरात माळा करून दिला.

आमच्याकडच्या आठवडी बाजारात भाव करायची एक रीत आहे. भाव पटला नाही की वस्तू खाली ठेवायची, पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. फार जोरात चालायचं नाही. मागून हाक येते, "अहो ताई, या तर खरं!" परत वळलं की भाव आपला. पुण्यात आल्यावर ही रीत मी बुधवार पेठेतल्या एका जुन्या पुस्तकवाल्यावर करून बघितली. शरीररचनेचं जाडजूड पुस्तक होतं. ते गल्ल्यावर ठेवलं आणि निघाले. हाक आली नाही. शेवटी मीच वळून बघितलं. पुस्तकवाला चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "जाताय ना? मग पुस्तक जिथून काढलंत तिथे ठेवून जा." मी परत गेले आणि पुस्तक त्याच्या भावात घेतलं. या शहरात जाणाऱ्याला हाक मारत नाहीत, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

आमच्या तिन्ही कॉलेजांच्या मुलांना गावात जाऊन शिकावं लागतं. आमचं गाव हिंजवडीच्या पुढे, कंपन्यांच्या बस जिथून मागे वळतात तिथून आत. निम्म्या शेतांत प्लॉटचे दगड रोवलेले, निम्म्यांत अजून भात. पुरुष कुणी ड्रायव्हर, कुणी सिक्युरिटीत. बायका हिंजवडीतल्या हॉस्टेलांच्या मेसमध्ये पोळ्यांच्या कामाला. पूर्वी आम्ही तिन्ही कॉलेजं वेगवेगळ्या वेळी त्याच गावात जायचो. सकाळी मेडिकलची मुलं एखाद्या घरात जाऊन खोकला किती दिवसांचा, शुगर आहे का, विचारून यायची. दुपारी आमच्या मुली तेच विचारायच्या. दुसऱ्या दिवशी फिजिओवाले. एका आजींनी आमच्या मुलीला विचारलं, "तुमचं आपसात बोलनं न्हाई का गं? भांडान हाय का काय?"

भांडण नव्हतं. भांडायलाही ओळख लागते.

आणि शिबिर असलं की मेडिकलची मुलं खुर्च्यांवर बसायची, आमच्या मुली चटया अंथरायच्या, रांग लावायच्या, "आजी, पुढे सरका" म्हणायच्या. मुली तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या, वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या. त्यांना चटया अंथरताना बघितलं की माझं डोकं फिरायचं.

म्हणून मी विभागप्रमुखांकडे गेले. ते मेडिकलच्या मुलांचं गावातलं शिक्षण बघतात. मोठा माणूस, सावकाश बोलणारा, सदाशिव पेठी. मी त्यांना म्हटलं, यापुढे तिघांची एक टोळी करायची. एक मेडिकलचा, एक नर्सिंगची, एक फिजिओची. तीच टोळी दर गुरुवारी त्याच घरात जाणार. आणि ज्या घरात काम जास्त करून नर्सिंगचं असेल, तिथे नर्सिंगची मुलगी पुढे असणार. बाकीचे दोघं तिचं ऐकतील.

"म्हणजे आमच्या मुलांनी काय करायचं? चटया अंथरायच्या?"

"एखाद्या गुरुवारी अंथरल्या तर पाठ मोडणार नाही, सर."

ते हसले. मी त्यांना हेही सांगितलं की तुमच्या मुलांना गावात दार उघडत नाहीत, हे मला माहीत आहे. दिवसा घरात बाया एकट्या असतात, परक्या मुलांना आत घेत नाहीत. माझ्यासाठी उघडतात. माझ्या हातात हाच माल होता आणि मी तो टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "ठीक आहे. जिथे नर्सिंगचं काम, तिथे तुमची मुलगी पुढे. ठरलं."

बाया मला दार का उघडत होत्या, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी घरोघर शब्द दिला होता: आमच्या मुलीने एकदा काम हातात घेतलं, की ते पुरं होईपर्यंत ती येत राहील. हा शब्द द्यायचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता. बस माझी नव्हती, वेळापत्रक माझं नव्हतं. पण शब्दाने काम होत होतं, म्हणून मी तो देत गेले.

त्यातलंच एक घर मावशींचं. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही. पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा, मुलगा टेम्पोवर, घरात सून आणि नातू. मावशी एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या भाजायच्या, सकाळपासून तव्यापुढे उभ्या. शुगर जुनी, तिने तळपायाची जाणीव घालवली होती. एक दिवस चपलेतला खिळा वर आला आणि त्या तशाच दिवसभर उभ्या राहिल्या. घरी येऊन चप्पल काढली तेव्हा रक्त दिसलं. मग फाट्यावरच्या डॉक्टरकडे जाऊ लागल्या. तो पावडर टाकून घट्ट पट्टी बांधून द्यायचा. जखम आत आत जात होती.

पहिल्या गुरुवारी मी टोळीबरोबर होते. मेडिकलचा मुलगा पाठीवर सॅक घेऊन दारातच थांबला.

"आत या की डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "उंबरा चावत न्हाई."

आमची मुलगी जमिनीवर बसली, मांडी घातली आणि म्हणाली, "मावशी, पाय इथे ठेवा."

"तुझ्या मांडीवर? न्हाई गं बाई, पाप लागंल."

"मला याचे मार्क मिळतात मावशी. द्या पाय."

मावशी खळखळून हसल्या आणि पाय दिला. पट्टी वाळून जखमेला चिकटली होती. मुलीने सलाइनने ती भिजवली आणि वाट बघत बसली. मुलगा म्हणाला, "कट कर ना सरळ." ती म्हणाली, "तू बस खाली. इथून बघ." तो जीन्स सावरत कसाबसा उकिडवा बसला.

नंतर त्याने नायलॉनचा धागा काढला. जाणीव तपासायची ती पद्धत आहे. मावशींना डोळे मिटायला लावून तो तळपायाला ठिकठिकाणी धाग्याचं टोक लावत होता.

"लागलं की सांगा हं मावशी."

"व्हय," मावशी म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "लावा की मग. कवा लावनार?"

त्याचा सगळ्या तळपायाला धागा लावून झाला होता.  त्या दिवशी बसमध्ये तो पुढची मेडिकलची जागा सोडून मागे आला आणि आमच्या मुलीच्या पुढच्या सीटवर उलटा बसून विचारत राहिला, "पण मग त्यांना कळणार कसं? I mean, उद्या परत खिळा लागला तर?"

फिजिओची मुलगी एका सकाळी मेसमध्ये जाऊन मावशी उभ्या कशा राहतात ते बघून आली. पोळी उलटताना सगळा भार त्याच जागेवर येत होता. तिने मऊ रबराची चप्पल करून आणली, जखमेच्या जागी खोलगट केलेली. मावशी ती घालून ओट्यावर इकडून तिकडे चालून दाखवायच्या, "बघा, हिरॉइन!" आमची मुलगी सोमवारी आणि गुरुवारी पट्टी बदलायची. गुरुवारी टोळीबरोबर, सोमवारी गावच्या आरोग्य उपकेंद्रातली ड्यूटी संपवून. जखम लिंबाएवढी होती, ती वाटाण्याएवढी झाली. मेडिकलचा मुलगा एव्हाना मांडी घालून बसायला शिकला होता आणि पट्टी भिजवून, धीराने, कडेकडेने सोडायलाही. बसमधल्या जागा कधी बदलल्या ते कळलंच नाही. तिघं भांडत यायची, साखर, चप्पल, मेसमधला चहा यावर. मला हेच हवं होतं. माझ्या मनात होतं तसंच ते झालं होतं.

आणि मला ते खुपलं.

एका गुरुवारी मी ओट्यावर पोचले तर मुलगा पट्टी सोडत होता आणि आमची मुलगी शेजारी बसून जखम मोजत होती. चांगली सोडत होता, तक्रार करायला जागा नव्हती. मला वाटलं, हे काम यांनीही उचललं, तर उद्या माझ्या मुलीची गरज काय? आज हे पट्टी सोडतील, उद्या म्हणतील, तुम्ही चटया अंथरा. मुलं हात धुवायला मोरीवर गेल्यावर मी मावशींच्या जवळ बसले.

"मावशी, एक लक्षात ठेवा. पट्टी फक्त आमच्या मुलीलाच सोडू द्यायची. फाट्यावरच्या डॉक्टरला नाही, या डॉक्टरला नाही, कुणालाच नाही. जखम बिघडेल."

"कुनालाच न्हाई?"

"कुणालाच नाही."

मावशींनी हात पुढे केला आणि माझ्या तळहातावर आपला तळहात जोरात मारला. त्या गावात जमिनीचा व्यवहार ठरला की असा हातावर हात मारतात, मग कुणी फिरत नाही. "तुमी म्हनला, झालं," मावशी म्हणाल्या.

त्याच आठवड्यात आमच्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, मावशींच्या सूनबाईंना ड्रेसिंग शिकवू का? सुट्ट्या आल्या तर त्या करतील." बरोबर विचारलं होतं तिने. पाठ्यपुस्तकात हेच लिहिलंय, मी स्वतः वर्गात हेच शिकवते. मी तिला म्हटलं, "आपलं गावातलं काम तपासायला बाहेरची समिती येतेय, ती बघून जाऊ दे. मग शिकव." समितीपुढे ती मुलगी हवी होती, सून नव्हे.

समिती आली. गावच्या शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून, नवी चप्पल घालून आल्या होत्या. ठरल्याप्रमाणे मावशींच्या घराबद्दल आमची मुलगी बोलणार होती, मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. आयत्या वेळी विभागप्रमुखांनी मेडिकलच्या मुलाला पुढे बोलावलं. तो इंग्रजीत बोलला. आमची मुलगी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन त्याच्या शेजारी उभी. मुलगा मधेच तिच्याकडे हात करून म्हणाला, "Actually, ड्रेसिंग सगळं हिनं..." विभागप्रमुख म्हणाले, "पुढे चला." समितीतल्या बाईंनी आमच्या मुलीकडे बघून प्रश्न विचारला, तर उत्तरही विभागप्रमुखांनीच दिलं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना बसपाशी गाठलं. सगळे ऐकत होते.

"सर, आपलं ठरलं होतं."

"अहो मॅडम, ट्रेसुद्धा महत्त्वाचाच असतो की."

बसमधून कुणीतरी हसलं.  मी म्हणाले, "मग येत्या सोमवारपासून माझी एकही मुलगी या गावात येणार नाही. धरा तुम्हीच ट्रे."

"जशी आपली इच्छा," ते म्हणाले आणि बसमध्ये चढले.

त्यांनी मला फसवलं, हे मी आजही म्हणते, कोणापुढेही म्हणेन. पण मी जे केलं ते बाजारात करतात तेच होतं. वस्तू खाली ठेवली आणि पाठ फिरवून चालायला लागले. हाक येणार याची खात्री होती. माझ्या मुलींशिवाय त्यांना गावात कोण दार उघडणार? मी खाली ठेवलेली वस्तू म्हणजे मावशींचा पाय होता, हे तेव्हा मनात आलं नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल. आलं होतं. मी स्वतःला म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

हाक आली नाही. माझ्या मुलींची ड्यूटी मी दुसऱ्या उपकेंद्रात लावून घेतली. मेडिकलची बस गुरुवारी जात राहिली. आमची मुलगी दर दोन दिवसांनी माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहायची.

"मॅडम, मावशींचं ड्रेसिंग..."

"थांब. बोलावू देत त्यांना."

"मी एकटी जाऊन येऊ का? बसने?"

"कॉलेजच्या परवानगीशिवाय जायचं नाही."

तिला आज्ञाधारक मीच केलं होतं. पहिल्या वर्षी ती उलट प्रश्न विचारायची, तेव्हा मी तिला वर्गाबाहेर उभी केली होती.

मग एक दिवस ती मोबाइल घेऊन आली. टोळीच्या ग्रुपवर मेडिकलच्या मुलाचा मेसेज होता. तो मावशींकडे गेला होता, मावशींनी पट्टीला हात लावू दिला नाही. "म्हणतात, मॅडमनी सांगितलंय, फक्त सिस्टरच सोडणार. Sir ना सांगितलं, sir म्हणाले, त्यांचं त्या बघतील. काय करू?"

मला आनंद झाला.

हे वाक्य मी कितीदा खोडलं आणि परत लिहिलं. आनंदच झाला, दुसरा शब्द नाही. मी मुलीला म्हटलं, "बघ. आता आले ना वळणावर! आज-उद्या फोन येतो की नाही बघ."  ती मोबाइल खिशात घालून, "हो मॅडम" म्हणून गेली. निरोप विभागप्रमुखांकडे पोचला होता आणि माझ्याकडेही. एक बाई बंद पट्टीवर उभी आहे, हे दोघांनाही माहीत होतं. आम्ही दोघंही शिकवणारी माणसं, त्या पट्टीखाली काय होत असेल ते कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा जास्त जाणणारी. दोघंही समोरच्याच्या फोनची वाट बघत बसलो.

रविवारी ती मुलगी मला न विचारता गेली. दुपारी फोन आला. मी "कोणाच्या परवानगीने" असं म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, वास येतोय. ओट्यापासूनच येतोय."

मी गाडी काढली. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगात ताप, ओठ सुकलेले. पट्टी तीच होती. मुलीने शेवटच्या गुरुवारी बांधलेली. वरून दुधाची पिशवी घट्ट बांधली होती, भिजू नये म्हणून. पाय दुखत नव्हता, त्यामुळे परवापर्यंत त्या कामावर जात होत्या. मला बघून सावरून बसल्या.

"कुनाला हात लावू दिला न्हाई मॅडम. डॉक्टर आला व्हता, त्याला बी न्हाई. सरकारी दवाखान्याच्या आशाताई वरडून गेल्या, उपकेंद्रात चल म्हनल्या, मी म्हनलं न्हाई, आमची पोरगी येनार हाय."

शाबासकी द्यावी म्हणून बघत होत्या माझ्याकडे.

मुलीने पिशवी सोडली, पट्टी भिजवली आणि वाट बघितली, मी शिकवलं होतं तशी. मी मात्र दुसरीकडे बघत होते.

आमच्याच हॉस्पिटलात नेलं. पुढचा अर्धा पाय काढावा लागला. सर्जन म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर बोटावर भागलं असतं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, ते नेहमीचं वाक्य म्हणून बोलले. वॉर्डाच्या जिन्यात मेडिकलचा मुलगा भेटला.

"मॅडम, मी गेलो होतो."

"माहीत आहे."

"मी जबरदस्ती करायला पाहिजे होती का?"

कुणी असं विचारलं की मी चिडते. त्या दिवशी चिडताही आलं नाही. "नाही," म्हटलं आणि जिना चढत राहिले.

मेसमध्ये मावशींच्या तव्यापुढे आता दुसरी बाई उभी असते. मावशींना नुसतं घरी बसता येत नाही, वॉकर धरून त्या ओट्यावर फेऱ्या मारतात. फिजिओची मुलगी सुट्टीच्या दिवशी जाते, तिने आता वेगळा बूट करून घेतलाय. मी आणि आमची मुलगी टाके काढल्यावर भेटायला गेलो होतो. सुनेने चहा केला. मावशींनी माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, जणू काही विचारू नये ते विचारतायत:

"मॅडम, तवा पोरगी आजारी व्हती का?"

मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. मी म्हणाले, "हो."

मावशींनी मुलीच्या गालावरून हात फिरवला. "आता बरी हाय न्हवं? जीवाला जप गं बाई."

मुलीने कप खाली ठेवला आणि "बरी आहे मावशी" म्हणाली. परत येताना गाडीत ती मागच्या सीटवर बसली. आजही ती मला समोर दिसली की "हो मॅडम", "नाही मॅडम" एवढंच बोलते. मी मावशींचा पाय गेल्यानंतरही त्यांना फसवलं, तिच्या नावावर फसवलं, आणि तिला त्यात साक्षीदार करून घेतलं.

गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षाची बैठक झाली. तिन्ही कॉलेजांचे शिक्षक एका टेबलाभोवती. समितीने आमच्या टोळ्यांचं कौतुक केलंय, म्हणून तोच उपक्रम पुढे चालू ठेवायचा, फक्त गाव बदलायचं, असं विभागप्रमुखांनी मांडलं. "त्या गावात आता थोडी नाराजी आहे," ते म्हणाले. नाराजी! मग माझ्याकडे वळले. "मॅडम, आपल्या नव्या अटी काय आहेत, ते एकदाच सांगून टाका. म्हणजे मधेच ट्रे खाली ठेवायला नको."

दोघं-तिघं हसले. एरवी मी उठून गेले असते. पिशवीच्या पट्ट्यावर हातही गेला होता. मी तो काढून टेबलावर ठेवला.

"अट एकच आहे. नवं गाव घेण्याआधी जुन्या गावात जायचं. मावशींच्या ओट्यावर बसायचं आणि त्यांना सांगायचं की पोरगी आजारी नव्हती. तिला आम्ही येऊ दिलं नाही."

 कुणीतरी पाण्याची बाटली उगाच पुढे सरकवली.

"त्याने पाय परत येणार आहे का?" विभागप्रमुखांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती, पहिल्यांदाच.

"नाही."

"मग कशासाठी?"

"त्यांनी विचारलंय म्हणून. त्यांनी मला विचारलं आणि मी खोटं सांगितलं. मी गुरुवारी जाणार आहे सर, तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. पट्टी कुणाला सोडू देऊ नका, हे मी त्यांना सांगितलं होतं, ते मी सांगेन. निरोप कळल्यावर मला आनंद झाला, तेही सांगेन. पण निरोप तुमच्याकडेही आला होता. तुमच्या मुलाने विचारलं होतं, काय करू. तुम्ही म्हणालात, त्यांचं त्या बघतील. हे तुमचं वाक्य आहे, ते मी तुमच्या वतीने बोलणार नाही. मावशी विचारतील, आणि त्यांना उत्तर तुम्ही द्यायचं. गुरुवारी बसमध्ये बसणार की नाही? सगळ्यांच्या समोर विचारतेय. सांगा."